गालाच्या आतली स्वच्छ जागा

माझ्या हाताला काचपट्टी चांगली येते, असे आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात म्हटले जाते, आणि हे म्हणणे मी आजवर मान खाली घालून, पण मनातून सुखावून ऐकत आलो आहे. लातुरात जीवशास्त्र शिकवणाऱ्यांची उणीव नाही. गल्लोगल्ली शिकवण्या आहेत आणि त्यांतले कित्येक जण माझ्याहून चांगले बोलतात. मला मोठ्याने बोलता येत नाही. मागच्या बाकांवरून “सर, आवाज” असे अजूनही येते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पेशी नेमकी, एकेकटी, पुस्तकातल्या आकृतीसारखी दाखवायची असली, की सहकारी मला बोलावून नेतात.

वर्ष सुरू झाले की पहिली दोन प्रात्यक्षिके ठरलेली असतात. आधी कांदा, मग गाल. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा सोलायचा, पाण्याच्या थेंबात पसरायचा, लाल रंगाचा थेंब सोडायचा आणि वरची पातळ काच एका कडेने तिरपी टेकवून हळूच खाली येऊ द्यायची, म्हणजे हवेचा बुडबुडा अडकत नाही. मग भिंग खाली आणले, की वनस्पती पेशी दिसतात: लांबट, कडेला कड लावून बसलेल्या, प्रत्येकीभोवती पेशीभित्तिका, पोटात पाण्याने भरलेली मोठी रिक्तिका आणि तिने एका बाजूला रेटलेले केंद्रक. कांदा कधी निराश करत नाही.

प्राणी पेशीसाठी आम्ही दूर जात नाही. प्रत्येकाने आपलेच तोंड उघडायचे. माझ्या सूचना गेली कित्येक वर्षे त्याच आहेत. चूळ भरा. दात कोरायच्या काडीच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू अलगद खरवडा. गाल जिथे गुळगुळीत आणि गुलाबी असेल, तिथेच. फोड असेल, चट्टा असेल, दाढ घासून खरबरीत झाले असेल, तर त्या जागेला काडी लावू नका. कारण सरळ आहे: अशा जागेच्या पेशी एकेक सुटत नाहीत, गठ्ठ्याने येतात, निळा रंग त्यांवर डागासारखा साचतो आणि आकृती काढता येत नाही. परीक्षेत आकृतीला गुण असतात. पेशीपटल, पेशीद्रव्य, मधोमध केंद्रक. स्वच्छ जागेवरून घेतलेल्या पेशीत हे तिन्ही बोट ठेवून दाखवता येते. या सूचनेत काही वावगे आहे असे मला कधी वाटले नाही. प्रात्यक्षिकापुरते पाहिले तर अजूनही वाटत नाही.

मोठ्या बहिणीला मी अक्का म्हणतो. तिचे सासर कंधारचे. मी नांदेडला शिकायला होतो, तेव्हा कंधारहून सकाळच्या एस.टी.ने ती माझा डबा पाठवत असे. कापडात बांधलेला तो डबा ड्रायव्हरच्या शेजारी ठेवलेला असायचा आणि मी स्थानकावर उभा राहून तो उतरवून घ्यायचो. भाकरी, वरण आणि ठेचा. ठेचा इतका तिखट, की खोलीतले सोबती तो बोटाला लावून पैज लावत. मेहुणे गेल्यावर ती मुला-सुनेबरोबर नांदेडला राहायला आली. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. सून नांदेडातच एका कार्यालयात काम करते.

अक्काला मिश्रीची सवय लग्नाच्या आधीपासूनची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांना लावून उन्हात बसायचे. तिच्या वयाच्या आमच्याकडच्या बायका याला व्यसन म्हणत नाहीत, तोंड धुणे म्हणतात. त्या भाजलेल्या तंबाखूचा वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे, आणि खरे सांगायचे तर तो मला कधी वाईट वाटला नव्हता.

गेल्या दिवाळीच्या आधी सुनेचा फोन आला.

“मामा, आईंनी ठेचा सोडला.”

“बरं झालं की. तिला पित्ताचा त्रास आहे.”

“तसं सोडला नाही मामा. खाता येईना म्हणून सोडला. दुधात भाकर कुस्करून खायलेत. तोंडात आत पांढरा डाग हाय. दवाखान्याचं नाव काढलं की माझ्यावरच ओरडायलेत. तुमचं ऐकतील.”

दिवाळीत अक्का लातूरला आमच्याकडे आली. आल्या आल्या, चप्पल काढण्याच्या आधीच तिने मला विचारले, “काय मास्तर, सुनेनं चहाडी केली वाटतं?”

“तोंड उघड बघू.”

“बैल हाय व्हय मी, दात बघून विकत घ्यायला?”

ती हसली, पण तोंड उघडले नाही. दुपारी भांडी आवरून झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि मग जे बोलली ते हसत नव्हे. तिच्या थोरल्या जावेची गोष्ट मला ऐकून माहीत होती. अक्काने ती पाहिली होती. जावेचा अर्धा जबडा काढला होता. त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून जेवायला बसायची, कारण घास तोंडातून बाहेर यायचा. नातू तिच्याजवळ जायला भ्यायचा. एक दिवस तिने आरसा उचलून पेटीत ठेवला आणि तो पुन्हा बाहेर काढला नाही.

“तसलं तोंड घेऊन मला जगायचं न्हाई,” अक्का म्हणाली. “दवाखान्यात गेलं की त्ये काही ना काही काढत्यातच. तू पोरांच्या गालातलं काढून मशिनीत बघतोस म्हनं. माझं बघ. तू चांगलं हाय म्हणलास तर चांगलं. वाईट म्हणलास तर जाईन मी. पण तू बघायचं.”

मी तिला सांगायला हवे होते, की मी जे बघतो ते हे नव्हे. माझे शिक्षण पेशीचे भाग ओळखण्याचे आहे, आजार ओळखण्याचे नाही. हे सांगायला फार शब्द लागले नसते. पण तिने इतक्या विश्वासाने विचारले होते, आणि माझ्या विद्येवर घरातल्या कुणी विसंबावे असे प्रसंग माझ्या आयुष्यात इतके थोडे आले होते, की मी हो म्हणालो.

रविवारी दुपारी मी प्रयोगशाळेची किल्ली घेतली आणि अक्काला तिथे नेले. सुट्टीमुळे इमारतीत कोणी नव्हते. आमच्या चपला जिन्यात वाजत होत्या. प्रयोगशाळेत बरण्यांच्या रांगेसमोर अक्का थांबली; बेडूक, विंचू, पिवळट पडलेला एक साप.

“ह्यांना काहून लोणच्यावानी घालून ठेवलंय रे?”

“शिकवायला.”

“मेल्यावर शिकवत्यात व्हय,” ती म्हणाली आणि पदर नाकाला लावून पुढे सरकली.

खिडकीजवळच्या स्टुलावर बसवून मी मोबाइलच्या उजेडात तिचे तोंड पाहिले. डाव्या बाजूला, मागे, हिरडी जिथे गालाला मिळते तिथे चिंचोक्याएवढा पांढरा चट्टा होता. कडेला एका जागी लाली होती. तो मी पाहिला. नीट पाहिला. मग नवी काडी घेतली, आणि उजव्या गालाची आतली बाजू अलगद खरवडली.

हात सवयीने तिकडे गेला, असे मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. सवय होतीच. पण काडी तोंडात नेताना क्षणभर ती डावीकडे वळली होती आणि मी ती वळवून घेतली, हेही मला आठवते. चट्ट्यावरच्या पेशी गठ्ठ्याने येतील, पट्टी बिघडेल, असा विचार त्या क्षणी मनात आला. तो खरा विचार होता की आड उभे राहायला मिळालेली भिंत, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

पट्टी सुरेख झाली. निळ्या रंगात पातळ, पसरट, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी एकेकट्या पडल्या होत्या. प्रत्येकीच्या मधोमध लहानसे गर्द केंद्रक. मी अक्काला भिंगातून पाहायला सांगितले. तिने एक डोळा हाताने झाकला.

“मधी टिकलीएवढं काय हाय?”

“केंद्रक. पेशीचा सगळा कारभार तिथून चालतो.”

“म्हंजे घरातली सासू,” ती म्हणाली, आणि जरा थांबून, “आधीच्या काळची.”

मी हसलो. मग म्हणालो, “पेशी चांगल्या आहेत, अक्का.”

हे वाक्य खोटे नव्हते. त्या काचेवरच्या पेशी खरोखर चांगल्या होत्या.

त्या संध्याकाळी तिने ठेचा मागून घेतला. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आले, तोंड डाव्या बाजूला आवळले गेले, आणि ती हात हलवत म्हणाली, “लई झोंबलं, पन ब्येस हाय.” माझ्या पत्नीने तिच्या पुढ्यात ताक ठेवले. ते आवळलेले तोंड मी पाहिले आणि ताटाकडे नजर वळवली.

अक्का नांदेडला परत गेली. त्यानंतरचे महिने वरवर पाहता नेहमीसारखेच होते. मी अभ्यासक्रम पुढे नेत राहिलो. पण जी प्रकरणे मी वर्षानुवर्षे निर्धास्तपणे शिकवली, त्यांतली वाक्ये आता मधेच माझ्याकडे वळून पाहू लागली. लयकारिकांना पुस्तकात आत्मघाती पिशव्या म्हटले आहे. पेशी निकामी झाली, की याच पिशव्या फुटून तिला आतून पचवून टाकतात. या नावावर दरवर्षी वर्ग हसतो. यंदा मुले हसली तेव्हा माझ्या मनात आले, की हे पिशव्यांचे काम जिथे थांबते, तिथे काय होते? फळ्यावर मी त्वचेचे थर काढले. सर्वांत खाली नव्या पेशी जन्मतात, वर वर सरकत जातात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. गालाचेही तसेच. म्हणजे आमची काडी जे खरवडून आणते ते गळायलाच आलेले असते, आणि जिथे खरोखर काही घडत असते तो थर काडीच्या खाली, अंधारात असतो. मी हे मुलांना सांगितले. सांगताना खडू हातात थांबला. “सर, पुढं?” असे कोणीतरी म्हणाले आणि मी पुढे गेलो.

अक्काला मी फोन करत होतो. कशी आहेस, पाऊसपाणी, कोणाचे लग्न. चट्ट्याबद्दल मी विचारत नव्हतो. तीही बोलत नव्हती. तिचे शब्द मात्र थोडे जाड येत होते, जसे तोंडात घास असताना येतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर सुनेचा फोन आला. या वेळी तिने कुशल विचारले नाही.

“मामा, तुम्ही दिवाळीत नेमकं काय बघितलं?”

“गालाच्या पेशी.”

“कुठल्या गालाच्या?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आई सगळ्या गल्लीला सांगायलेत, माझ्या भावानं मशिनीत बघितलंय, मला काही झालं न्हाई. तपासणीचा कॅम्प लागला होता. शेजारच्या भाभी रिक्षा घेऊन दारात आल्या, तर आईंनी त्यांना चहा पाजून वापस पाठवलं. डाग वाढलाय मामा. लाल झालाय. सकाळी चूळ भरली की पाण्यात रक्त दिसतंय. मी म्हणलं तर म्हणतात, तू लई शिकलीस का माझ्या भावापेक्षा?” ती थांबली. “तुम्ही तो डाग बघितला होता का नव्हता, तेवढं सांगा.”

“पाहिला होता.”

“मग?”

“मी येतो,” मी म्हणालो.

प्राचार्यांकडे जाऊन मी एक सूक्ष्मदर्शक दोन दिवसांसाठी मागितला. कशाला, असे त्यांनी विचारले तेव्हा घरगुती काम आहे म्हणालो, आणि त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. लाकडी पेटी मांडीवर घेऊन मी नांदेडच्या गाडीत बसलो. अहमदपूर सोडल्यावर कंडक्टर माझ्या शेजारी टेकला.

“पेटीत काय हाय सर? हार्मोनियम?”

“सूक्ष्मदर्शक. बारीक वस्तू मोठी दिसते.”

“मग आमचा पगार बघा की त्यात,” तो म्हणाला. आजूबाजूचे हसले. मीही हसलो असेन. लोह्यापर्यंत मी पेटीवरचे हात काढले नाहीत. काय दिसेल याची भीती होती. पण त्याहून मोठी भीती ही होती, की अक्का मला आता काहीही दाखवू देणार नाही. मी दिलेली ग्वाही तिने ढालीसारखी धरली होती, आणि ती तिच्या हातून काढून घेण्याचे काम माझ्याशिवाय कोणी करू शकत नव्हते.

अक्का गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. मला पाहून ती उठली. तिचा डावा गाल किंचित फुगलेला होता, जणू लिमलेटची गोळी ठेवली असावी.

“पेटी घेऊन आलास? कायमचा राहायला आलास का काय?”

मी उभ्या उभ्याच सांगितले. बसलो असतो तर कदाचित सांगता आले नसते. “अक्का, मी दिवाळीत चुकीची जागा बघितली. डाग डाव्या बाजूला आहे. मी उजवीकडचं काढून बघितलं. जे चांगलं होतं, तेच बघितलं.”

ती जिन्याकडे पाहून मोठ्याने म्हणाली, “कान भरलेस का ग त्याचे?”

“मी काही कान भरले नाहीत आई,” सून जिन्यातून म्हणाली. “मी फक्त विचारलं.”

“विचारलं म्हणे. नंदाभावजया, सासवासुना, सगळ्यांना माझं तोंडच दिसतंय. तू मशिनीत बघितलंस ना? मला बी दाखवलंस ना? मग आता काय झालं? दवाखान्यातल्यांनी मागनं काय सांगितलं तुला?”

“कोणी काही सांगितलं नाही. मला तेव्हाच माहीत होतं.”

 ती खाली बसली आणि उरलेल्या पिठाची एक कुरडई पूर्ण घातली. मग हात पुसून म्हणाली, “काढ तुझी पेटी.”

कठड्यावर सूक्ष्मदर्शक ठेवला. आरशात थेट ऊन घ्यायचे नसते, डोळ्याला इजा होते. म्हणून शेजारच्या पांढऱ्या भिंतीवरच्या उजेडाकडे आरसा वळवला. आधी मी माझ्याच गालातले घेतले आणि तिला दाखवले. तिने पाहिले. मग तिने तोंड उघडले. चट्टा आता चिंचोक्याएवढा राहिलेला नव्हता. लाल-पांढरी, खडबडीत, मध्ये खोलगट अशी जागा गालावर चढली होती. काडी लागताच ती कळवळली. काडीला रक्त आले.

भिंग खाली आणले तेव्हा पहिल्यांदा मला काहीच ओळखता आले नाही. पेशी एकमेकींवर चढलेल्या होत्या. काही नुसत्या वाळक्या पापुद्र्यासारख्या, केंद्रकाशिवाय. आणि काहींत केंद्रक इतके फुगलेले, की पेशीद्रव्याची जेमतेम एक कड बाहेर उरली होती. रंग जवळजवळ काळा, कडा खडबडीत. एकीत दोन केंद्रके शेजारी शेजारी होती. इतक्या वर्षांत हजारो मुलांच्या तोंडांतून आलेल्या पेशी मी पाहिल्या, यांच्यासारख्या एकदाही नाहीत. पाहिल्या नाहीत, कारण त्या काचेवर येणारच नाहीत अशी व्यवस्था मी स्वतः करत आलो होतो.

“सरक,” अक्का म्हणाली. तिने डोळा लावला. सून तिच्या मागे येऊन उभी राहिली होती. खाली रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी आली आणि गेली.

“हे कुणाचं?”

“तुझं.”

“असं काळं काहून?”

“माहीत नाही, अक्का.”

“तुला माहीत न्हाई?”

“मला पुस्तकातली पेशी ओळखता येते. ही पुस्तकातली नाही. ही कसली आहे ते सांगणारी माणसं वेगळी असतात. मी त्यातला नाही. दिवाळीतही नव्हतो.”

ती बराच वेळ भिंगावरून उठली नाही. उठली तेव्हा तिच्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उमटला होता. तिने सुनेला कुरडया पालटायला सांगितले. सून वळल्यावर ती मला हळू आवाजात म्हणाली, “मला वाटलंच होतं. तू चांगलं म्हणलास, म्हणून म्हणलं, आपल्याला काय कळतंय.”

मला तिच्या पायाशी बसावेसे वाटले. मी पेटीची कडी लावत राहिलो.

“जबडा काढतील?”

“माहीत नाही.”

“काढतील म्हण नाहीतर न्हाई म्हण. माहीत न्हाई, माहीत न्हाई, काय लावलंस?”

“खरंच माहीत नाही.”

तिने पदराने तोंड पुसले, पदरावरचा लालसर डाग पाहिला आणि तो आत दुमडून घेतला. “येते मी. पन तू आत बसायचं. डॉक्टर जे म्हणतील ते मला तसंच सांगायचं. चांगलं हाय म्हणून हात फिरवायचा न्हाई. फिरवलास तर तुझी-माझी भेट संपली.”

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडातल्या एका रुग्णालयात गेलो. तपासणारी डॉक्टर तरुण होती. तिने हातमोजा चढवून बोट आत घातले, मग जबड्याखाली, मानेवर, कानामागे बोटे फिरवली.

“किती दिवसांपासून आहे, आजी?”

“झाले काही महिने.”

“दिवाळीच्या आधीपासून,” मी म्हणालो. “दिवाळीत मी पाहिला होता. तेव्हा लहान होता. मी चांगलं आहे म्हणून सांगितलं होतं.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिले. तिने दोष दिला नाही, धीरही दिला नाही. फक्त लिहून घेतले. मग त्या जागेचा छोटा तुकडा काढला. काडीने वरून घेतलेला नव्हे, खालच्या थरासह, सुरीने घेतलेला.

तुकड्याची तपासणी होईपर्यंत मी लातूरला परतलो आणि वर्गावर उभा राहिलो. त्या आठवड्यात उजळणीत वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांतला फरक सांगायचा होता. वनस्पती पेशीला पटलाबाहेर भित्तिका असते, प्राणी पेशीला नसते. एवढे एक वाक्य. कांद्याची पेशी आपल्या भिंतीत जन्मते, तिथेच राहते, आणि ती मेली तरी भिंत उभी असते. आपल्या पेशीला भिंत नाही, नुसते तलम पटल. ती आपल्या जागी राहते ती शेजारणींचा मान राखून, एकमेकींना दिलेल्या नि पाळलेल्या खुणांनी. एखादीने त्या खुणा मानायचे सोडले, तर तिला अडवणारे दगडी काही आपल्या शरीरात नाही. मुले दोन रकाने पाडून फरक लिहीत होती. खिडकीबाहेर ऊन पांढरे झाले होते. मी खुर्चीत बसलो. बसून शिकवण्याची मला सवय नाही.

तो कर्करोगच होता. डॉक्टरने सांगितले तेव्हा अक्का बाहेरच्या बाकावर होती. मी दार उघडून तिच्याकडे गेलो. बारा पावले असतील की वीस, ती माझ्या पायांना संपेनात. मनात कितीतरी मऊ वाक्ये तयार होत होती: सुरुवातीचाच आहे, आता औषधे चांगली निघाली आहेत. मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, “अक्का, कॅन्सर आहे. ऑपरेशन करावं लागेल. गालाचा तेवढा भाग, काही दाढा आणि त्यांच्याखालचं वरवरचं हाड काढतील. मानेतल्या गाठी काढतील. जबड्याची खालची कड राहील, असं त्या म्हणाल्या. उघडल्यावर जास्त दिसलं तर तीही जाईल.”

 सून शेजारी उभी राहून रडत होती.

“रडू नगंस,” अक्का तिला म्हणाली. “ठेचा आता तुला एकटीलाच खायचाय.”

शस्त्रक्रिया झाली. जबड्याची कड राहिली. गालाच्या आत मांडीची कातडी लावली, मग किरणोपचार झाले, तोंड आतून सोलून निघाले, केस मानेपाशी गळाले. ती बोलते, ओळखीच्या माणसाला कळते. भिंतीकडे तोंड करून ती बसत नाही, पण पंगतीलाही बसत नाही. मी एकदा डॉक्टरला विचारले, की दिवाळीत आलो असतो तर काय वेगळे झाले असते. “तेव्हा तो काय होता, हे आता कळायला मार्ग नाही,” ती म्हणाली. “कदाचित नुसता डागच काढून भागलं असतं. कदाचित नाही.” हे ‘कदाचित’ मला झोपेपर्यंत सोडत नाही. मी त्याच्याकडे दयेची मागणीही करत नाही.

परवा तपासणीची तारीख होती. आता दर वेळी लातूरहून मीच जातो. डॉक्टरने नेहमीप्रमाणे डोळे मिटल्यासारखे करून अक्काच्या मानेवर बोटे फिरवली. डावी बाजू झाली. उजव्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली, बोटे थांबली, पुढे गेली, आणि परत तिथेच आली. ती काही बोलण्याआधी मला कळले. अक्काला बाहेर बसवून तिने मला बाजूला घेऊन सांगितले.

बाहेर पंख्याखाली गर्दी होती. अक्काने पदर तोंडावर धरला होता. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर होती, दारापासून. मी तिच्या शेजारी टेकलो.

“काय म्हणाली?”

“उजव्या बाजूला गाठ लागली हाताला. वाटाण्याएवढी.”

“कशाची?”

“माहीत नाही. सुई घालून बघणार आहेत. सूज असू शकते. तेही असू शकतं.”

“कवा घालणार सुई?”

“तू हो म्हणालीस तर आत्ता.”

तिने उजव्या हाताचे बोट मानेवर नेले, शोधले, आणि तिला ती गाठ सापडली असावी, कारण बोट तिथे राहिले. बाकावरच्या बाईने मला जागा करून देण्यासाठी पिशवी उचलली होती, ती तशीच हातात धरून आमच्याकडे पाहत होती. अक्काने पदर सावरला आणि चप्पल पायात सरकवली.

“मग बसून काय राहिलास?” ती म्हणाली. “ऊठ.”